ओळखीचं माणूस

कोणी ओळख दाखवली नाही की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एकदा एका मराठी डॉक्टरची बायको साउथहॅम्प्टनच्या सुपरमार्केटमध्ये माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती, आणि कोथिंबिरीची जुडी अशी निरखत राहिली की जन्मात पहिल्यांदाच बघतेय. आदल्याच आठवड्यात माझ्या घरी थालीपीठं खाऊन गेली होती! मी दोन वर्षं तिच्याशी बोलले नाही. नवरा म्हणाला, "अगं, चष्मा घातला नसेल तिनं." नसेल. थालीपीठं बरी दिसली बिनचष्म्याची.

आम्ही मूळचे नागपूरचे. नवऱ्याला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली त्याला तीस वर्षं होत आली. मीही तिथंच मेडिकल सेक्रेटरी आहे. डॉक्टर बोलतात, मी पत्रं टाइप करते. माझे वडील नागपूरच्या कोर्टात बेंच क्लार्क होते, म्हणजे जजसाहेबांच्या पुढ्यात बसून एकेक फाइल त्यांच्याकडे सरकवणारे. त्यामुळे आमच्या घरात दोन गोष्टींना फार मान. एक जजची खुर्ची, आणि दुसरी ओळख. शाळेचा प्रवेश असो, गॅसचा नंबर असो, बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला, "तिथं ओळखीचं माणूस आहे का कोणी?" ही सवय आमच्याबरोबर विमानात बसून इथवर आली. इथं रांगेत उभं राहिलं की काम होतं हे मला कळतं, पण रांगेत उभं राहूनही मी पुढे कोणी मराठी दिसतंय का ते बघत असते.

गेल्याच्या आदल्या उन्हाळ्यात, शेजारच्या मुलीची आई तिच्याकडे राहायला आली. मुलगी आमच्याच हॉस्पिटलात नर्स आहे, पूर्व युरोपातल्या एका देशातली. देशाचं नाव लिहीत नाही. तसं कबूल केलंय. आई येऊन चार दिवस झाले नसतील, तर सकाळी दार वाजलं. बाहेर पन्नाशीच्या, उंच, केस घट्ट मागे बांधलेल्या बाई. हातात कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्रक. म्हणाल्या, "माफ करा, पण तुमच्या निळ्या झाकणाच्या कचऱ्याच्या बिनमध्ये काचेची बरणी आहे. काच वेगळी टाकायची असते. इथं लिहिलंय."

मी तीस वर्षं या गावात राहतेय, आणि चार दिवसांची पाहुणी मला बिन शिकवतेय! मी म्हटलं, "बाप्पा, तुम्ही कौन्सिलच्या इन्स्पेक्टर आहात का?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही. मी जज आहे. म्हणजे होते. म्हणजे, तेच ठरायचं आहे."

झालं. जज म्हटल्यावर माझी पाठ आपोआप ताठ झाली. मी त्यांना आत बोलावलं, चहा केला, आणि बरणी उचलून वेगळी ठेवली. तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव जजबाई पडलं. बोलायचो आम्ही इंग्रजीत, दोघींचीही उसनी. पण मनातल्या मनात मी त्यांना 'अहो'च म्हणत असे.

त्यांची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली, कुंपणाच्या अलीकडे मी, पलीकडे त्या, कडेवर नातवंड. त्यांचा देश युरोपियन युनियनमध्ये तसा उशिरा गेला. जाताना सगळ्यांनी सह्या करून शब्द दिला होता की आमची कोर्टं कोणाच्या दाबाखाली नसतील. जजबाई तेव्हा नव्यानं खुर्चीवर बसलेल्या. म्हणाल्या, त्या दिवशी आम्ही कोर्टाच्या पायऱ्यांवर रडलो होतो, आनंदानं. मग सरकार बदललं, आणि कायदेही बदलले. जज कोणाला करायचं, कोणाला कुठं फेकायचं, सगळं मंत्री ठरवायला लागले. एक दिवस जजबाईंपुढे एक अपील आलं. खालच्या कोर्टाचा निकाल अशाच एका मंत्र्याच्या माणसानं दिलेला. त्यांनी लक्झेंबर्गच्या युरोपियन कोर्टाला पत्र लिहून विचारलं, अशा रीतीनं नेमलेला माणूस जज धरायचा की नाही? युनियनमधल्या कुठल्याही जजला असं विचारायचा हक्क आहे. पण त्यांच्या देशात त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली, आणि खुर्ची गेली.

"फक्त प्रश्न विचारला म्हणून?" मी विचारलं.

"फक्त प्रश्न विचारला म्हणून."

"आणि लक्झेंबर्गवाल्यांनी काय सांगितलं?"

"प्रश्न विचारल्याबद्दल जजला शिक्षा करता येत नाही, असं." त्यांनी बाळाचं टोपडं सारखं केलं. "पण लक्झेंबर्ग मला खुर्चीवर नेऊन बसवत नाही. ते घरच्यांनीच करायचं असतं."

घरी पुन्हा निवडणूक झाली होती, नवं सरकार आलं होतं. अशा काढलेल्या जजेसच्या केसेस एकेक करून तपासायला पाच जणांची नवी समिती बसली होती. जजबाईंची सुनावणी नोव्हेंबरात होती. खुर्ची परत मिळाली तर मिळाली. नाहीतर पंचवीस वर्षांची नोकरी कायमची संपली, आणि वर कपाळावर शिक्का. त्यांची मुलगी म्हणे, "आई, सोडून दे, इथंच राहा." जजबाई म्हणत, "मी चूक केली असती तर सोडलं असतं."

मला ती बाई फार आवडायला लागली होती. आणि आपल्याला माणूस आवडलं की आपण काय करतो? ओळख काढतो.

सप्टेंबरात आमच्या मराठी मंडळाचा गणपती होता. शाळेचा हॉल संध्याकाळी सहापर्यंतच मिळतो, म्हणून आमची आरती दुपारी होते. त्या दिवशी लंडनजवळच्या स्लाऊहून एक गृहस्थ आले होते. सॉफ्टवेअरवाले, पुण्याचे, बोलायला लाघवी, बायकांना सरसकट 'वहिनी' म्हणणारे. मोदक वाढता वाढता कळलं की त्यांची सून जजबाईंच्याच देशातली. माझे कान टवकारले. मी सहज म्हणून जजबाईंची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "नोव्हेंबरची समिती? अहो वहिनी, आमच्या सुनेचा मामाच आहे की त्या समितीवर!"

मला गणपती पावल्यासारखं झालं. मी हात जोडले, "अहो, मग त्यांच्या कानावर घाला ना. बाई सोन्यासारखी आहे. एवढं बघा म्हणावं."

"त्यात काय! आपलंच माणूस समजा," ते म्हणाले, आणि आणखी एक मोदक घेतला.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. "वहिनी, काम झालं. मामांशी बोललो. म्हणाले, काळजी करू नका." मी इतकी खूश झाले की त्याच दुपारी बेसनाचे लाडू वळले, डबा भरला आणि शेजारी गेले. जजबाई जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसल्या होत्या. मुलगी बाळाला भरवत होती. मी डबा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. मोदक, मामा, काळजी करू नका, सगळं. मला वाटलं आता उठून मिठी मारतील.

त्यांनी पेन खाली ठेवलं. चेहरा पांढराफटक. मला वाटलं चक्कर येतेय, मी पाणी आणायला वळले, तर म्हणाल्या, "बसा. पुन्हा सांगा. कोण, कधी, काय म्हणालं. शब्दन् शब्द."

आणि लिहून घ्यायला लागल्या! मी आरोपीसारखी टेबलाच्या या बाजूला. सांगून झाल्यावर मी चिडूनच विचारलं, "अहो, पण मी तुमच्या भल्यासाठीच केलं ना? ती जुनी माणसं वाईट होती. ही तर तुमच्या बाजूची आहेत."

"माझ्या बाजूची समिती मला नकोय," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. "जुन्या मंत्र्याच्या माणसानं मला फोन केला होता. एका केसबद्दल, 'एवढं बघा' म्हणून. मी तो फोन फाइलमध्ये लिहून ठेवला. तेव्हापासून मी त्यांच्या डोळ्यांत सलत होते. आता फोन माझ्यासाठी गेलाय. मग तो चांगला?"

मी डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं. मुलगी मात्र भडकली होती. "हे समितीला सांगितलं तर लोक म्हणतील हिनंच वशिला लावला! आई, सांगू नकोस. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय," जजबाई म्हणाल्या.

मग त्यांनी मला विचारलं, तुमच्या भाषेत याला काय म्हणतात, हे जे तुम्ही केलंत त्याला? मी म्हटलं, ओळख. म्हणजे काय? मी सांगायला लागले, म्हणजे माणूस माहीत असणं. आणि त्याच्याकडून काम करून घेता येणं, तेही ओळखच. त्या पहिल्यांदा थोडं हसल्या. "आमच्याकडेही एकच शब्द आहे दोन्हीला," म्हणाल्या. लाडवाचा डबा त्यांनी झाकण न उघडता माझ्या हातात परत दिला.

मी घरी आले आणि स्वयंपाकघरात उभी राहून ढसाढसा रडले. मग राग आला. त्यांचा, स्लाऊवाल्याचा, गणपतीचासुद्धा. नवरा म्हणाला, "तुला कोणी सांगितल्या होत्या नसत्या उठाठेवी?" मग त्याचाही आला.

पण राग उतरल्यावर मला आठवलं ते बाबांचं टेबल. सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन कोर्टात जायची. रोजच्या केसेसच्या यादीला तिथं बोर्ड म्हणतात. बोर्डावर साठ-सत्तर केसेस, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर निम्म्यांना नुसती पुढची तारीख. बाबांनी जन्मात कोणाचा चहा फुकट घेतला नाही. पण कोणी ओळखीचा आला, की बोलता बोलता त्यांचा हात ढिगाऱ्यात जायचा, खालची फाइल अलगद वर यायची, आणि पट्टेवाला त्याच नावाचा पुकारा करायचा. लोक म्हणायचे, फार मदतीचा माणूस. मलाही केवढा अभिमान! व्हरांड्यात एक बाई बसलेली असायची, हिरव्या लुगड्यातली, काटोलकडची. प्रत्येक सुट्टीत तीच. एकदा मी बाबांना विचारलं, "ह्या बाईचं नाव काऊन नाही पुकारत?" बाबा म्हणाले, "येईल तिचा नंबर." तिची फाइल ज्यांनी खाली दाबली, त्या वर आलेल्या फायली मी माझ्या डोळ्यांनी वर येताना पाहिल्या होत्या. चाळीस वर्षांत हे दोन धागे मी कधी जोडले नव्हते. मला बाबांची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून पुन्हा रडू आलं, कारण बाबा खरोखर चांगले होते.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले ती थेट कॉम्प्युटरसमोर बसले. नवरा म्हणाला, "काय करतेयस?"

"जबाब टाइप करतेय. माझा."

"तू कशाला मध्ये पडतेस आता?"

"मध्येच पडले होते. आता बाहेर पडतेय."

मी सगळं लिहिलं. मी कोण, जजबाईंना कशी ओळखते, कुठं कोणाला काय म्हणाले. बाईंना यातलं काही माहीत नव्हतं, हे दोनदा लिहिलं. तेवढ्यात स्लाऊवाल्यांचा फोन आला. मीच सकाळी निरोप ठेवला होता. त्यांचा सगळा लाघवीपणा गेला होता. "वहिनी, माझं नाव येता कामा नये हं. सुनेच्या माहेरचा प्रश्न आहे. आणि मंडळाच्या कार्यक्रमांत आपल्याला एकमेकांची तोंडं बघायची आहेत."

"नाव येणार," मी म्हटलं. "माझं पहिल्या ओळीत, तुमचं चौथ्या."

"तुम्ही तिचंच नुकसान करताय!"

हे मात्र खरं होतं, आणि ते मला माहीत होतं. पण मी म्हटलं, "ते मी केलंय आधीच. आता निदान लिहून ठेवू द्या." आणि फोन ठेवला.

सही करून कागद मी जजबाईंना नेऊन दिला. त्यांनी उभ्याउभ्याच वाचला. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाल्या, "इथं तारीख नाही." मी तारीख घातली. एवढंच. थँक्यू नाही, काही नाही. ऑक्टोबर संपता संपता त्या घरी गेल्या. जाताना फाइल हातातल्या बॅगेत ठेवली, आणि माझा कागद सगळ्यात वर होता, मी पाहिलं.

नोव्हेंबरात समितीनं मला व्हिडिओवर बोलावलं. मी रजा घेतली, साडी नेसावी की कोट घालावा यात तासभर घालवला, शेवटी साडीवर कोट घातला. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप. बंदरातून सुटणाऱ्या क्रूझच्या बोटीचा भोंगा नेमका तेव्हाच वाजेल की काय, याची धास्ती. पडद्यावर चारच माणसं दिसली. पाचवी खुर्ची रिकामी होती. मामा बाजूला झाले होते. एका कोपऱ्यात जजबाई, माझ्याकडे न बघता समोर बघत बसलेल्या.

दुभाष्यामार्फत अध्यक्षांनी विचारलं, "बाईंनी तुम्हाला हे करायला सांगितलं होतं का?"

"नाही."

"मग का केलंत?"

"आमच्यात असंच करतात," मी म्हटलं. मग वाटलं, हे अर्धंच झालं. "मला वाटलं चांगल्या माणसासाठी केलं तर चालतं."

त्यांनी काहीतरी लिहिलं. मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही त्यांना जवळून ओळखता. त्यांच्याबद्दल आणखी काही सांगायचं आहे?"

अहो, काय काय जिभेवर आलं! बिनची गोष्ट, न उघडलेला डबा. ही बाई चार दिवसांत कौन्सिलचं पत्रक पाठ करते, हिला नाही तर कोणाला खुर्ची द्याल? मी टेबलाखाली पदर मुठीत धरला. म्हटलं, "नाही. मी त्यांना ओळखते, म्हणूनच मला काही सांगायचं नाही. मी काय केलं तेवढं लिहून घ्या. बाकीचं तुमचं काम आहे, तुम्ही बघा."

दुभाष्याला ते सांगायला जरा वेळ लागला. जजबाईंनी मान खाली घातली. मी लॅपटॉप मिटला आणि नवऱ्याला म्हटलं, "घालवलं बहुतेक मी सगळं." त्यानं चहा टाकला.

निकालाला सहा आठवडे लागले. ते सहा आठवडे मी शेजारच्या मुलीला तोंड दाखवलं नाही. एका सकाळी तीच दारात आली, कडेवर बाळ, हातात फोन. खुर्ची परत मिळाली होती. निकालपत्रात एक पूर्ण परिच्छेद माझ्यावर होता. तिनं तो इंग्रजीत करून वाचून दाखवला: एका शेजारणीनं अयोग्य रीतीनं शब्द टाकला, आणि ते बाईंनी स्वतःहून, स्वतःच्या नुकसानीची शक्यता असताना, समितीसमोर आणलं. जिथं त्यांना नालायक ठरवायला लोक टपले होते, तिथं माझ्याच अयोग्यपणानं त्यांची लायकी लिहून ठेवली गेली. हसावं की रडावं! स्लाऊवाले मात्र अजून बोलत नाहीत. हॅरोच्या कुठल्या तरी लग्नात भेटले तेव्हा मठ्ठ्याचा ग्लास निरखत राहिले.

वसंतात मी जजबाईंना फोन केला. मला तुमचं कोर्ट बघायचंय, म्हटलं. त्या म्हणाल्या, "मंगळवारी या. कोर्ट सगळ्यांना उघडं असतं. पासबिस लागत नाही."

"मी येणार म्हणून दाराशी सांगून ठेवाल का कोणाला?" तोंडातून निघून गेलं. सवय! पलीकडे त्या मोठ्यानं हसल्या. त्यांना तसं हसताना मी तेव्हाच ऐकलं.

मंगळवारी मी त्या कोर्टात गेले. दाराशी रांग होती, रांगेत उभी राहिले. पर्स तपासून घेतली. आत शेवटच्या बाकावर जागा मिळाली. दाराशी लावलेल्या यादीत सकाळपासूनच्या केसेस एकाखाली एक होत्या. पहिली ती पहिली, दुसरी ती दुसरी. शिपाई काहीतरी ओरडला आणि सगळे उठले, मीही उठले. काळ्या झग्यात, केस तसेच घट्ट मागे बांधून, जजबाई आत आल्या. खुर्चीपाशी थांबल्या. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत त्यांनी नजर फिरवली. ती माझ्यावर आली, आणि माझ्या शेजारच्या अनोळखी म्हातारीवर जशी गेली तशीच पुढे गेली.

त्यांनी मला ओळख दाखवली नाही. मी बाकावर बसले, आणि बाबांची, त्या काटोलच्या बाईची आठवण येऊन, इतकं बरं वाटलं की रुमाल काढावा लागला.